शनिवारची राख

माझ्या बाबांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे बॉयलरवाले होते. ज्यांच्या चिमणीतून धूर दिसतो ते, आणि बाबा. दर तासाभराने ते भट्टीचं दार लावून बाहेर यायचे, कमरेवर हात ठेवून मान वर करायचे आणि चिमणीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसली की खुशीत परत आत जायचे. शेजारच्या कारखान्यातून काळा लोट निघाला की एवढ्या मोठ्याने हळहळायचे की तिथल्या माणसाला ऐकू जावं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणारी एक लाँड्री होती. तिथला वाफेचा छोटा बॉयलर बाबा चालवायचे. तरुणपणी ते गिरणीच्या बॉयलर हाऊसमध्ये होते. संप झाला, गिरणी गेली, गावचे भाऊबंद म्हणाले परत ये. बाबांनी मात्र बॉयलरची सरकारी परीक्षा दिली, सर्टिफिकेट मिळवलं आणि ते घेऊन अंधेरीला आले. आमच्या घरात ते सर्टिफिकेट देवाच्या फोटोशेजारी टांगलेलं होतं. देवाला ओवाळलेली उदबत्ती एकदा त्याच्यापुढूनही फिरायची. मी हसले की म्हणायचे, "हस, हस. दोघांनी मिळान तुका वाढवल्यानी हा."

लाँड्रीवाले सरपण म्हणून सिनेमाच्या आणि मालिकांच्या सेटचं भंगार आणायचे. अंधेरी-गोरेगावच्या बाजूला असे सेट रोज उभे राहतात आणि रोज मोडतात. टेम्पो भरून प्लायवूड यायचं, त्यावर रंगाचे थर, चिकटवलेलं लॅमिनेट, पांढऱ्या फोमच्या पाट्या, फ्लेक्स, मध्येच वायरींचे तुकडे. कधी अर्धं देऊळ यायचं, कधी पोलीस चौकीची भिंत. एकदा कुठल्याशा बंगल्याचे संगमरवरी खांब आले. बाबांनी ते एका हाताने उचलून भट्टीत घातले आणि दिवसभर सगळ्यांना सांगत फिरले की आज मी संगमरवर जाळला. असलं रंगीबेरंगी सरपण घालूनही चिमणी स्वच्छ ठेवायची, ही त्यांची कला होती. हवा किती सोडायची, थर किती पातळ ठेवायचा, दार कधी उघडायचं, हे ते आगीच्या आवाजावरून ओळखायचे. त्यांच्यासारखा बॉयलरवाला मी दुसरा पाहिला नाही, आणि मी पुष्कळ पाहिले आहेत.

शनिवारी बॉयलर बंद. आग आदल्या संध्याकाळीच विझवलेली असायची. सकाळी बाबा मागचं झाकण उघडून धुराच्या नळ्या लांब तारेच्या ब्रशने साफ करायचे. भट्टीच्या तळाची राख जाड, तिच्यात खिळे आणि कोळसे. ती कचऱ्यात जायची. पण नळ्यांतून आणि चिमणीच्या आधीच्या धुळीच्या डब्यातून जी निघायची, ती मैद्यासारखी मऊ आणि करडी. ती टाकून द्यायची म्हणजे बाबांच्या जिवावर यायचं. कोकणातल्या माणसाला राखेचं महत्त्व सांगावं लागत नाही. भांडी राखेने घासायची, कडधान्याला कीड लागू नये म्हणून राख चोळायची, अळूच्या मुळाशीही राखच घालायची. बाबा ती मऊ राख आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यातून चाळायचे, पिशवीत भरायचे आणि घरी आणायचे. थोडी आम्हाला, बाकी सगळी आंटींना.

आंटी म्हणजे आमच्या घरमालकीण. मरोळच्या जुन्या गावठाणात त्यांचं कौलारू घर, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. मी अजूनही राहते. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी ख्रिश्चन. घरात मराठी, प्रार्थना मराठीत, आणि रागावल्या की मराठीतच अशा शिव्या, की बाबासुद्धा कानांवर हात ठेवायचे. त्यांच्या सासऱ्यांची एके काळी भातशेती होती, तिथे आता ऑफिसांच्या काचेच्या इमारती आहेत. शेतीतलं जे उरलं होतं ते परसात: अळू, लाल माठाचा एक वाफा आणि दहा-बारा कोंबड्या. कोंबड्यांना अंगावर पिसवा होऊ नयेत म्हणून राखेत लोळायला लागतं. आंटींनी कोपऱ्यात एक खड्डा केला होता. बाबांची राख त्यात पडली की कोंबड्या पंख पसरून अशा काही लोळायच्या, की बघत राहावं. उरलेली राख वाफ्याला आणि भांड्यांना.

मी अकरावीत असताना आई गेली. त्यानंतर वर्षभर आंटींनी रोज सकाळी मला ऑम्लेट आणि पाव दिला. मी टाळाटाळ केली तर बशी संपेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. "तुझी आई वरून बघते गो, तिला मी काय तोंड दाखवू?" असं म्हणायच्या. पुढे रोजचं ते रविवारवर आलं, पण थांबलं कधीच नाही. मी कॉलेजला उपाशीपोटी गेले नाही ती त्यांच्या कोंबड्यांमुळे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना ते लक्षात राहायला हवं.

केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि प्रदूषण तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये लागले. कारखान्याच्या चिमणीला वर एक भोक ठेवलेलं असतं. शिडीने तिथवर चढायचं, भोकातून लांब नळी आत घालायची, धूर ओढून घ्यायचा आणि त्यात काय काय आहे ते मोजायचं, हे माझं काम. मुलगी चिमणीवर चढते म्हणून सुरुवातीला कारखान्यांतली माणसं खाली उभी राहून बघायची. मी वरून ओरडायचे, "काय रे, सर्कस आहे काय?" बाबांना मात्र त्याचा केवढा अभिमान! "माझा चेडू चिमणीर चढता," असं ते रिक्षावाल्यालासुद्धा सांगायचे.

आमची लॅब बाबांच्या लाँड्रीचीही तपासणी करायची. तारीख आधी कळवलेली असायची. त्या दिवसासाठी बाबांनी बाभळीची सुकी लाकडं वेगळी रचून ठेवलेली असायची, आणि मी डोळे वटारले की म्हणायचे, "पावणे येतले म्हटल्यार घर आवरूक नको?" तपासायचं तेही धूळ, गंधकाचा वायू, नायट्रोजनचे वायू, एवढंच. सगळं मर्यादेत निघायचं. तो रिपोर्ट बाबांनी सर्टिफिकेटच्या खाली टांगला. रिपोर्टवर सही माझी नव्हती, म्हणून मीही हसून सोडून दिलं. गप्प बसायची सवय मला बहुतेक तिथेच लागली.

नोकरीला पाच-सहा वर्षं झाल्यावर आमच्याकडे एक वेगळं काम आलं. शहराबाहेर दवाखान्यांचा कचरा जाळणारी एक भट्टी होती, तिच्या धुरातलं डायॉक्सिन तपासायचं होतं. हे नाव मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण त्यासाठी धूर पकडायला पहिल्यांदाच निघाले होते. ओढलेला धूर थंड करायला लागणारा बर्फाचा डबा सांभाळत सहा तास चिमणीवर बसायचं. बरोबर आमचे एक सीनियर होते, निवृत्तीला टेकलेले. खाली भट्टी गरजत होती. मी म्हणाले, "सर, एवढ्या आगीत काय शिल्लक राहणार?"

ते म्हणाले, "आगीला नावं ठेवू नकोस. आग कडक असली तर सगळं तोडून टाकते. घोळ होतो पुढे. धूर नळ्यांतून जाताना थंड होतो ना, साधारण चारशे अंशांपासून दोनशेपर्यंत, त्या वाटेत. तिथे काजळी बसलेली असते. प्लॅस्टिकमधून आलेलं क्लोरीन असतं, वायरींच्या तांब्याचे कण असतात. तुटलेले तुकडे त्या धुळीवर बसून परत जुळतात, आणि जुळतात ते हे विष होऊन. म्हणून इथे धुराला पाण्याने झटक्यात थंड करतात. त्या तापमानात त्याला रेंगाळू द्यायचं नाही."

"आणि मग ते चिमणीतून बाहेर जातं?"

"थोडंसं. बरंचसं मागच्या बारीक राखेत बसतं. दिसायला झकास असते ती राख, पावडरसारखी मऊ. पण हातमोज्यांशिवाय तिला हात लावायचा नाही. मातीत पडली तर वर्षानुवर्षं जात नाही. मग जनावरांच्या चरबीत उतरतं, दुधात उतरतं, अंड्यात उतरतं. लोक म्हणतात भट्टीजवळची हवा तपासा. मी म्हणतो, हवा सोडा, तिथल्या कोंबडीचं अंडं तपासा."

ते सहज बोलले. त्यांना काय ठाऊक! मी बर्फाच्या डब्यावर हात ठेवून बसले होते आणि मला आंटींच्या परसातला तो खड्डा दिसत होता, त्यात पंख पसरून लोळणाऱ्या कोंबड्या दिसत होत्या, आईच्या लुगड्यातून राख चाळणारे बाबा दिसत होते. फोमच्या पाट्या, फ्लेक्स, वायरींचे तुकडे, नळ्यांतून सावकाश थंड होत जाणारा धूर. चांगली जाड राख बाबा फेकून देत होते आणि निवडून, चाळून, सगळ्यात वाईट तेवढी घरी आणत होते. हे कळायला मला एक मिनिट लागलं. सांगायला दीड वर्ष लागलं.

मला काय म्हणायचं होतं ते मी तेव्हापासून हजार वेळा मनात म्हणून पाहिलं आहे. "बाबा, ती राख आंटींना देऊ नका." एवढंच. पण बाबा विचारणार, का? मग सांगावं लागणार की तुमची चिमणी स्वच्छ नव्हती, तुम्ही तासातासाला वर बघत होतात ते उगाच बघत होतात. सर्टिफिकेटला उदबत्ती ओवाळणाऱ्या, निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? ही झाली चांगली दिसणारी सबब. दुसरी सबब शास्त्राची होती. मोजल्याशिवाय बोलू नये. पण चार अंड्यांसाठी ती तपासणी कोण करणार? आमच्या लॅबमध्ये ती होत नव्हती, नमुने दूर पाठवावे लागायचे. म्हणजे मोजता येणार नाही, आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही. काय छान सोय लावली होती मी स्वतःची! ती मुलगी आज समोर आली तर मी तिच्या कानाखाली वाजवीन.

त्या रविवारी आंटींनी ऑम्लेट आणलं तेव्हा मी म्हणाले, "आंटी, मला ॲसिडिटी झालीय. डॉक्टरांनी अंडी बंद सांगितलीत." खोटं बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. त्या हळहळल्या आणि बशी बाबांपुढे ठेवली. बाबांनी ते ऑम्लेट माझ्यासमोर खाल्लं. वाचणाऱ्याने मला काय म्हणायचं ते म्हणावं.

मी अगदी हातावर हात ठेवून बसले असंही नाही, पण जे केलं त्याची जास्त लाज वाटते. भांडी घासायच्या पावडरचे डबे आणून आंटींना दिले. त्यांनी ते कौतुकाने फडताळात वर लावले, पाहुण्यांना दिसतील असे. "पावडरने हात सोलतात गो. भाऊंची राख कशी, लोण्यासारखी," म्हणाल्या. बाबांना त्या भाऊ म्हणायच्या. एकदा शनिवारची पिशवी मी बाबांच्या नकळत कचऱ्याच्या गाडीत टाकली. बाबांनी दोन दिवसांत दुसरी भरून आणली. वर मला म्हणाले, "पिशवी खय गेली कोण जाणे. आंटीच्या कोंबड्यो रुसतल्यो."

मग आंटींच्या सुनेला दिवस गेले. लग्नाला आठ वर्षं झाली होती, दोनदा आशा लागून गेली होती. सगळं गावठाण तिच्यासाठी प्रार्थना करत होतं. आंटी तिला पायरीसुद्धा उतरू देत नव्हत्या. रोज दोन अंडी, घरची, ताजी. "बाजारच्या अंड्यांत काय असतं गो, नुसती औषधं!" सून नको नको म्हणायची आणि आंटी माझ्याकडे वळून म्हणायच्या, "तू सांग तिला. तू शिकलेली. अंडं चांगलं असतं ना?" मी म्हणाले, "हो, प्रोटीन असतं." हे वाक्य मी बोलले आहे. कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही.

मूल पोटात असताना आणि नंतर अंगावर पिताना, आईच्या शरीरातलं त्याला मिळत राहतं, हे मला माहीत होतं. संध्याकाळी घरी येताना रोज ठरवायचे, आज सांगायचं. मरोळ नाक्याला रिक्षातून उतरेपर्यंत ठाम असायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे. तिथे आंटी मेणबत्ती लावत असायच्या, मला बघून हसायच्या, आणि मी स्वतःला म्हणायचे, उद्या नक्की. असं करता करता मुलगी झाली. सव्वातीन किलोची, भरपूर जावळ असलेली. बाप्तिस्म्याच्या दिवशी आंटींनी तिला माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाल्या, "तुला पण मीच वाढवली, हिला पण मीच वाढवणार." मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

ती सहा महिन्यांची झाली. एका रविवारी चर्चमधून, मिस्साहून आल्यावर आंटी तिला मांडीवर घेऊन अंगणात बसल्या होत्या. म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून बाळाला बलक सुरू करायचा. उकडून, कुस्करून. पहिलं अंडं त्या तांबडीचं." बाबा तिथेच अळूला पाणी घालत होते. ते म्हणाले, "मग शनिवारी जास्त राख आणतो. तांबडीला मस्त लोळू दे."

आतापर्यंत बाळाला जे जात होतं ते तिच्या आईमधून जात होतं, मला ते बघावं लागत नव्हतं. आता ते माझ्यासमोर चमच्याने जाणार होतं. मी बाबांना म्हणाले, जरा घरात चला.

सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, भराभर, तोंडी परीक्षेत उत्तर देतात तसं. सेटचं लाकूड, फोम, वायरी, थंड होणारा धूर, नळ्यांतली राख, कोंबड्या, अंडी. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. मध्ये एकदाच म्हणाले, "पण माझ्या चिमणीक धूर नव्हतो."

"ते दिसत नाही, बाबा."

"जळला म्हणजे सगळा गेला, असाच समजत होतंय मी."

"आगीत जातंच. नंतर वाटेत परत तयार होतं."

त्यांनी एकदा भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, तुझी खात्री आहे का? त्याची मी तयारी केली होती. मोजलेलं नाही, पण शक्यता मोठी आहे, वगैरे. त्यांनी ते विचारलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू अंडी खावची कधी सोडलंस गो?"

उत्तर त्यांनी स्वतःच जुळवून बघितलं.

"तेव्हा तर सुनेक दिवससुद्धा गेलेले नव्हते."

मी म्हणाले, "तुम्हीही खात होतात, बाबा. मला तेव्हाच..."

"माझा सोड. मी म्हातारो माणूस."

बाबांनी मला आयुष्यात कधी मारलं नाही. त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, खुंटीवरचा सदरा अंगात घातला, बटणं लावली आणि थेट अंगणात गेले. मी त्यांच्या मागोमाग. खाटेवरून उठायला त्यांनी जेवढा वेळ घेतला, तेवढाच त्यांनी विचाराला घेतला होता.

आंटी तिथेच होत्या, नात मांडीवर. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि बॉयलर इन्स्पेक्टरशी बोलायचे तशा जपून मराठीत म्हणाले, "आंटी, माझ्या हातून मोठी चूक झाली. मी देत होतो ती राख चांगली नव्हती. तिच्यात विष असतं, ते अंड्यात उतरतं. इतकी वर्षं मी ती तुम्हाला देत आलो. बाळाला ते अंडं देऊ नका. सुनेला नको, तुम्हीही खाऊ नका."

आंटींना आधी काही कळेचना. मग कळलं. त्यांनी नातीला छातीशी घट्ट धरलं आणि एकदम माझ्याकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते मला आजही सांगता येत नाही, कारण बाबाच आधी बोलले. "तिला काय माहीत नव्हतं, आंटी. काल ऑफिसात कळलं, आज तिनं मला सांगितलं. नाहीतर मी देतच राहिलो असतो."

आंटींनी माझं मनगट धरलं. "देवानेच तुला पाठवली गो," म्हणाल्या. मी ते मनगट सोडवून घेतलं नाही.

पुढचे तीन रविवार बाबा परस खणत होते. अळू आणि माठ उपटून वीतभर माती काढली, गोणींत भरली. त्या गोणी मी लॅबच्या घातक कचऱ्याबरोबर पाठवून दिल्या. राखेचा खड्डा त्यांनी सिमेंटने बुजवला. कोंबड्यांचं काय करायचं, इथे आंटी अडल्या. विकायच्या तर "दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात कशा घालू?" मारायच्या तर मन होईना. शेवटी कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मरेपर्यंत आंटींनी त्या सांभाळल्या. रोज सकाळी टोपलीत अंडी गोळा करायच्या आणि एकेक फोडून कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. तो आवाज आमच्या खिडकीत यायचा. मला अंडं खायला लावण्यासाठी वर्षभर दारात उभी राहिलेली ही बाई.

आंटींनी बाबांना एका शब्दाने दोष दिला नाही. माफ केलं म्हणाल्या, आणि केलंही असेल. पण मिस्साहून आल्यावर बाबांना चहाला हाक मारायच्या, ती बंद झाली. बाबा समोर दिसले की सून बाळाला उचलून आत जायची. बाबा खाली बघत पुढे निघून जायचे. लाँड्रीत त्यांनी सांगितलं की मी फोम आणि फ्लेक्स जाळणार नाही. मालक म्हणाला, जमत नसेल तर घरी बसा. निवृत्तीच्या चार महिने आधी ते घरी बसले. सर्टिफिकेट उतरवून त्यांनी खाटेखालच्या पेटीत ठेवलं. उदबत्ती आता फक्त देवापुढे फिरायची.

मी त्यांना म्हटलं, "बाबा, मी आंटींना खरं काय ते सांगते." ते म्हणाले, "कित्याक? माझी पत गेली ती गेली. तुझी तरी ऱ्हवांदे. तुका हयच ऱ्हवाचा आसा." एरवी मी बाबांचं काहीही ऐकत नसे. हे तेवढं ऐकलं.

बाबांना जाऊन आता तीन वर्षं होतील. हृदयाचा झटका आला. राखेचा त्याच्याशी संबंध नसेल, किंवा असेल, मला ते मोजता येत नाही. आंटी शेवटचं दर्शन घ्यायला आल्या, त्यांच्या पायांशी बसल्या आणि म्हणाल्या, "भला माणूस होता. अडाणी, पण भला." नुसत्या आवाजावरून आगीची तब्येत ओळखणारा माझा बाप, त्याला त्याच्याच घरात कुणी अडाणी म्हणालं, आणि मी मान खाली घालून बसले होते. त्या एका शब्दाने मला किती पोखरलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

नात आता सात वर्षांची आहे. तिला काही झालेलं नाही, निदान बोट दाखवून सांगता येईल असं काही नाही. बडबडी आहे, गणितात कच्ची आहे. तिला ताप आला, तिचा दात उशिरा पडला, की मला आधी ती अंडी आठवतात. मी त्याच लॅबमध्ये आहे. आता रिपोर्टवर सही माझी असते, आणि सरपणाचा ढीग स्वतः उपसून बघितल्याशिवाय मी ती करत नाही. कारखानेवाले वैतागतात. त्याने मागचं काही भरून निघत नाही, हे मला कळतं.

गेल्या महिन्यात आंटींनी परत कोंबड्या आणल्या. पडवीत जाळीचा पिंजरा, खाली फरशी, दाणे बाजारचे. आधी मला बोलावून सगळं दाखवलं, चालेल ना विचारलं. माती नको, राख नको, फरशी रोज धुवा, असं मी सांगितलं. परवा सकाळी त्या दारात आल्या. हातात बशी, बशीत ऑम्लेट आणि पाव, मागे नात. गुडघे दुखतात तरी तशाच उभ्या राहिल्या. "पहिलं तुला. तू खाल्लंस की मग हिला देणार."

आठ वर्षांनी खाल्लं. मिरची जरा जास्त झाली होती. नात माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"तुला आता ॲसिडिटीचा त्रास नाही ना गो?" आंटींनी विचारलं.

इतक्या मायेने विचारलं की मला राहवेना. मी म्हणाले, "ॲसिडिटी नव्हतीच, आंटी. कधीच नव्हती."

त्यांना समजलं नाही. मग मी सांगितलं. "बाबा अडाणी नव्हते. त्यांना कळलं त्या मिनिटाला ते तुमच्याकडे आले. मला दीड वर्ष आधी कळलं होतं. मी अंडी सोडली तेव्हाच."

आंटी माझ्याकडे बघत राहिल्या. बाबांनी जे जुळवून बघितलं होतं तेच त्या जुळवून बघत होत्या: अंडी कधी सोडली, सुनेला दिवस कधी गेले, बाळ कधी झालं. मग त्यांनी नातीचा हात धरला आणि आपल्या घरात निघून गेल्या. बशी माझ्या हातातच राहिली.

मी पेटीतून बाबांचं सर्टिफिकेट काढलं, पुसलं आणि जुन्या खिळ्याला टांगलं. संध्याकाळी कामावरून आले तेव्हा आंटी क्रूसापाशी उभ्या होत्या. मला बघून थांबल्या. हसल्या नाहीत. "भाऊंसाठी लावतेय," एवढंच म्हणाल्या आणि मेणबत्ती पेटवली.